प्रमोशन नाकारायचं का? सत्तेचाळीस वर्षांच्या ताईंच्या पत्राला उत्तर

पत्र, थोडक्यात: मी ४७ वर्षांची, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. एका पतसंस्थेत २२ वर्षं नोकरी झाली, क्लार्क म्हणून लागले, आता कॅश आणि कर्ज विभाग दोन्ही बघते. संस्थेने शाखाधिकारी होणार का म्हणून विचारलंय, दुसऱ्या गावच्या शाखेत. पण गेलं दीड वर्ष माझं डोकंच चालत नाही असं वाटतं. रोज येणाऱ्या पिग्मी एजंटचं नाव ऐनवेळी आठवत नाही. नवीन सॉफ्टवेअरमध्ये दोनदा एन्ट्री चुकली, एकदा कॅश दोन हजारांनी कमी भरली. पोरगी वयाची नवीन क्लार्क सगळं फटाफट करते. रात्री घामाने जाग येते, पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी, आणि आली की खूप जाते. गुडघे दुखतात, पोट सुटलंय. मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, घर खायला उठतं. सासूबाई ७६ च्या, त्यांना साठ वर्षांपूर्वीचं आठवतं आणि मला सकाळचं नाही. मिस्टर म्हणतात वय झालं आता, झेपेल तेवढंच कर. मैत्रीण म्हणते पिशवी काढून टाक, मोकळी हो. खरं सांगा, इथून पुढे सगळी उतरणच आहे का? महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय. नाही म्हणून कळवू का? (एक वाचक)

ताई,

आधी मुद्द्याचं सांगते, कारणं नंतर. आत्ता नाही म्हणून कळवू नका. होच म्हणा असंही मी लगेच म्हणत नाहीये, पण दीड वर्ष झोप नीट नाही, रक्त इतकं जातंय, लेक नुकती घराबाहेर पडलीय, अशा अवस्थेत माणूस स्वतःबद्दल जो निकाल देतो तो निकाल बरोबर नसतो, आणि तुमचा तर मला तुमच्याच पत्रावरून चुकीचा वाटतोय.

तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं. त्यात तुम्ही वय या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्यात. पाळी जाण्याचा काळ ही एक. मोडलेली झोप ही दुसरी. अंगातलं रक्त, थायरॉइड, बी-१२ असलं काहीतरी जे तपासलेलंच नाही ते तिसरं. आणि खरोखर वयानुसार शरीरात मेंदूत जे बदलतं ते चौथं. यातल्या पहिल्या तीन गोष्टींवर उपाय आहेत किंवा त्या आपोआप संपतात. चौथी राहते, पण ती तुम्हाला वाटते तशी फक्त खाली जाणारी नाही, आणि मला जास्त बोलायचंय ते तिच्याबद्दलच. पण पहिल्यांदा पाळीचं बघू, कारण त्याने तुम्ही सगळ्यात जास्त हैराण आहात.

आपल्याकडे सरासरी बाईची पाळी ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्य देशांत ५१ च्या आसपास. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात, आणि त्याच्या आधीची काही वर्षं, कुणाला चार कुणाला सात-आठ, ही अशीच जातात, कधी लवकर कधी उशिरा, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, रात्री घाम, चिडचिड, आणि हो, विसरणं. हे विसरणं बायकांना सगळ्यात जास्त घाबरवतं कारण घरात कुणी ते आधी सांगितलेलंच नसतं, आईने वाफांचं सांगितलेलं असतं फारतर. अमेरिकेत १९९६ पासून तीन हजारांहून जास्त बायकांचा या काळात वर्षानुवर्षं अभ्यास चाललाय, स्वॉन म्हणतात त्याला. त्यात असं दिसलं की एरवी तीच स्मरणाची चाचणी परत परत दिली की सरावाने मार्क वाढत जातात, पण पाळी जाण्याच्या ऐन काळात ते वाढणं थांबतं. आणि पाळी पूर्ण गेल्यावर परत वाढायला लागतं. म्हणजे मेंदू खराब झालेला नसतो, तो एका बदलातून जात असतो. इस्ट्रोजेन खालीवर होतं त्याचा परिणाम झोपेवर होतो, शरीराच्या तापमानावर होतो, मूडवर होतो आणि शब्द आठवण्यावरही होतो, आणि एकदा का ते खालच्या पातळीवर स्थिरावलं की बऱ्याच जणींचं डोकं पूर्वीसारखं चालायला लागतं.

तुम्ही विचारलं नाहीये पण पत्रात भीती दिसतेय म्हणून सांगते, पिग्मी एजंटचं नाव जिभेवर येऊन अडकणं आणि मग दुपारी भाकरी थापताना अचानक आठवणं हा स्मृतिभ्रंश नाही. त्यात माणूस ओळखीच्या रस्त्यावर चुकतो, तोच प्रश्न दहा मिनिटांत परत विचारतो, आपण विचारला होता हेही त्याला माहीत नसतं. ४७ व्या वर्षी तो फार विरळा. तुम्हाला तर कुठली एन्ट्री, कुठल्या दिवशी, किती रुपयांनी चुकली ते सगळं लक्षात आहे.

आता डॉक्टर. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, पुढच्या आठवड्यातच, आणि "खूप जाते" हे त्यांना नीट मोजून सांगा, किती पॅड लागतात, गाठी पडतात का, किती दिवस. चाळिशीनंतर जास्त रक्त जाणं हे वय म्हणून सोडून द्यायचं नसतं, त्यात सोनोग्राफी करावी लागते, कधीकधी पिशवीच्या अस्तराचा तुकडाही तपासायला घेतात. आणि पुढे समजा वर्षभर पाळी बंद राहून मग एकदा जरी डाग लागला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे आत्ताच डोक्यात ठेवा. बरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व, साखर, बीपी एवढं करून घ्या. इतकं रक्त जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता भरपूर, आणि हिमोग्लोबिन नऊवर आलेली कुठलीही बाई, पंचवीस वर्षांची असली तरी, दमणार, धापा टाकणार, आणि संध्याकाळी कॅश मोजताना चुकणार. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच बघा, ते कमी असेल तर विसरायला होतं, हातापायाला मुंग्या येतात, आणि गोळ्या-इंजेक्शनने ते भरून निघतं. वाफा आणि घाम फारच असतील तर हार्मोनच्या गोळ्यांचा विषय डॉक्टरांशी स्वतःहून काढा. बऱ्याच बायका त्या नावानेच घाबरतात, २००२ साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासानंतर ती भीती जगभर पसरली, पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. तुमच्या वयाला, तब्येत बाकी ठीक असेल, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी असला इतिहास नसेल, तर फायद्यातोट्याचं गणित वेगळं निघतं. ते गणित तुमच्या डॉक्टरांनी मांडायचं, मी नाही, पण विचारायला संकोच करू नका.

आणि पिशवी काढून टाक म्हणणाऱ्या मैत्रिणीचं ऐकू नका. यावर मला राग येतो म्हणून थोडं थांबून लिहिते. आपल्या महाराष्ट्रात हा सल्ला फार सहज दिला जातो, भाजी बदल म्हटल्यासारखा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, पाहणी झाली तेव्हा ८० हजारांहून जास्त बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक जणी तर चाळिशीच्याही आत. पाळीच्या दिवसात खाडा पडतो, दंड बसतो, म्हणून. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली की पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते, आणि हाडांवर हृदयावर त्याचा भार पुढे वीसतीस वर्षं पडतो. काही जणींना ऑपरेशन खरंच लागतं, कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, तर करावंच. पण आधी गोळ्या आहेत, हार्मोनची कॉपर-टीसारखी बसवायची वस्तू आहे, आणि तुम्ही पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर आहात. कुणी पहिल्याच भेटीत ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. इथून पुढे उतरणच आहे का.

काही बाबतीत हो, आणि ते मी लपवणार नाही. डोळ्याचं भिंग हळूहळू कडक होत जातं, म्हणून चाळिशी लागते, ती सगळ्यांना लागते. (यावरून आठवलं, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? वाचायचा नंबर आणि कॉम्प्युटरच्या अंतराचा नंबर वेगळा असतो. मान वर करून चष्म्याच्या खालच्या भागातून स्क्रीन बघत असाल तर एन्ट्री चुकण्यात त्याचाही वाटा असू शकतो, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मी दिवसभर कॉम्प्युटरवर असते.) स्नायू तिशीनंतर दर दहा वर्षांनी थोडे थोडे कमी होत जातात, साठीनंतर जास्त वेगाने. हाडं तिशीच्या आसपास सगळ्यात भरीव असतात, आणि पाळी गेल्यानंतरची पहिली पाचसात वर्षं बाईची हाडं फार झपाट्याने विरळ होतात. चरबी मांड्यांवरून पोटावर येते. गाढ झोप कमी होते. आणि मेंदूचा वेग, म्हणजे नवीन काहीतरी समोर आलं की त्यावर पटकन हात चालणं, ते विशीतच सगळ्यात जास्त असतं आणि मग हळूहळू उतरतं. तुमच्या शेजारची ती पोरगी फटाफट करते ती यामुळे, आणि शिवाय ती शाळेपासून कॉम्प्युटरवर आहे, तुम्ही लेजर हाताने लिहिण्यापासून सुरुवात केलीत.

पण माणूस म्हणजे नुसता वेग नव्हे. तुमच्या भागातलंच बघा, एका रानात ऊस, हळद, हरभरा तिन्ही लावले तरी तिघांचा हंगाम वेगळा, हरभरा निघाला म्हणून कुणी रान संपलं म्हणत नाही. रेमंड कॅटेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वीच बुद्धीचे दोन भाग मांडले, एक नवीन कोडं झटकन सोडवायची आणि दुसरी साठत गेलेल्या ज्ञानाची, शब्दांची, अनुभवाची. पहिली लवकर उतरायला लागते. दुसरी पन्नाशी-साठीपर्यंत वाढत जाते. अमेरिकेत सिएटल शहरात वॉर्नर शाई यांनी १९५६ साली एक अभ्यास सुरू केला आणि त्याच माणसांना दर सात वर्षांनी परत तपासत राहिले, अनेक दशकं. त्यात शब्दसंपत्ती, तर्क, शब्दांची स्मृती या गोष्टी विशीत नव्हे तर मधल्या वयात सर्वात चांगल्या निघाल्या, बहुतेक क्षमतांमध्ये साठीपर्यंत नाव घेण्यासारखी घट नव्हती. उतरल्या त्या वेग आणि आकडेमोड. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला ही वाटते की त्याआधी जे अभ्यास व्हायचे त्यात एकाच दिवशी पंचवीसच्या आणि साठच्या माणसांची तुलना करायचे आणि म्हणायचे बघा वयाने बुद्धी घटते, पण ते दोघं वेगळ्या काळात वाढलेले, शिक्षण वेगळं, शाळा वेगळी. बराचसा फरक पिढीचा होता, वयाचा नव्हताच. तुम्ही रोज ऑफिसात हीच चुकीची तुलना करताय. त्या पोरीशी नका करू, करायची तर २५ वर्षांच्या स्वतःशी करा, आणि प्रामाणिकपणे करा, तेव्हा तुम्हाला कर्ज प्रस्ताव वाचून काय कळत होतं?

कारण पत्रात तुम्ही एक गोष्ट ओझरती लिहिली होती, वर थोडक्यात देताना ती राहिली, म्हणून इथे सांगते. गेल्या वर्षी एक प्रस्ताव आला, कागद सगळे बरोबर, सातबारा, जामीनदार, सगळं, आणि तुम्ही अडवून धरला कारण जामीनदार सहीला आला तेव्हा त्याची नजर कर्जदाराकडे नव्हती, आणि नंतर कळलं की तो माणूस दोन संस्थांमध्ये थकबाकीत होता. तुम्ही ते "नशिबाने वाचलो" असं लिहिलंत. ताई, त्यात नशिबाचा भाग फार थोडा. बावीस वर्षांत हजारो माणसं काउंटरच्या पलीकडे बघितल्यावर हे येतं, सॉफ्टवेअरला येत नाही आणि चोवीस वर्षांच्या पोरीलाही येत नाही, तिलाही येईल पण वीस वर्षांनी. शाखाधिकाऱ्याचं काम मला सांगा यातलं कुठलं आहे? फटाफट एन्ट्री मारणं, की कुणाला कर्ज द्यायचं, वसुलीला कुणाच्या दारात कुठल्या शब्दात बोलायचं, ठेवीदार घाबरून आला तर त्याला कसं बसवून घ्यायचं, हे?

टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ साली टायपिस्टांवर एक प्रयोग केला होता, १९ पासून ७२ वर्षांपर्यंतचे. नुसती बटण दाबायची प्रतिक्रिया मोजली तर वयस्कर मंडळी हळू निघाली. पण प्रत्यक्ष टायपिंगचा वेग मोजला तर फरक नाही. कसं काय? तर वयस्कर टायपिस्ट मजकुरात जास्त अक्षरं पुढचं वाचत होते, बोटं इथे आणि डोळे पुढच्या शब्दावर. वेग गेला त्याची भरपाई नजरेने केली. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना, काम करता करता आलेलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण वाढत्या वयात माणूस असाच चालतो, जे कमी पडतं तिथे दुसरं काहीतरी लावतो.

सासूबाईंचं पण त्याच हिशोबात. त्यांना साठ वर्षांपूर्वीचं लग्न, कोण कुणाच्या पंगतीला रुसलं, हे आठवतं कारण ते शंभरदा सांगून झालंय, आणि जुनं, भावनेत भिजलेलं पक्कं बसतं. सकाळी गॅस बंद केला का हे त्यांनाही आठवत नसणार, विचारून बघा. तुमच्या डोक्यात एका वेळी कॅश, मुलीची फी, सासूबाईंच्या गोळ्या, मिस्टरांच्या दुकानाचं जीएसटी, संध्याकाळची भाजी इतकं असतं. त्यात किल्ली कुठे ठेवली ते नोंदलंच जात नाही, मग आठवणार कुठून. लिहून ठेवा, फोनवर रिमाइंडर लावा, नवीन सॉफ्टवेअरच्या पायऱ्या स्वतःच्या हाताने वहीत मराठीत लिहा आणि टेबलवर ठेवा. त्यात काही कमीपणा नाही. आणि कॅश मोजताना कुणाशी बोलायचं नाही, फोन ड्रॉवरमध्ये, एवढा एकच नियम केलात तरी पुष्कळ फरक पडेल.

स्वभावाचंही थोडं. सर्वसाधारणपणे माणसं वयाबरोबर जास्त शांत होतात, जबाबदारीने वागतात, छोट्या गोष्टींनी कोलमडत नाहीत, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. मिडलाइफ क्रायसिस हा शब्द एलियट जॅक्स यांनी १९६५ साली वापरात आणला आणि तेव्हापासून लोक धरून चाललेत की चाळिशीत सगळेच कोसळतात, तसं नसतं, थोड्यांचंच होतं आणि तेही बहुतेक वेळा वयामुळे नाही तर त्याच सुमारास काहीतरी घडल्यामुळे, आजारपण, नोकरी जाणं, कुणाचा मृत्यू. तुमच्याकडे लेक घराबाहेर पडलीय. ते दुःख खरं आहे, रडू आलं तर रडा. पण मुलं बाहेर गेल्यावर नवरा-बायकोंचं एकमेकांबद्दलचं समाधान वाढतं असंही अभ्यासात आढळलंय, आणि कारण असं की जास्त वेळ मिळतो म्हणून नाही, जो मिळतो तो बरा जातो. मात्र दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल, भूक गेली असेल, जगून काय करायचं असं मनात आलं असेल तर ते पाळीचं म्हणून अंगावर काढू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

एरिक एरिक्सन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं म्हणणं असं की वाढ विशीत थांबत नाही, म्हातारपणापर्यंत प्रत्येक टप्प्याचं एक काम असतं, आणि मधल्या वयाचं काम म्हणजे पुढच्यांसाठी काहीतरी उभं करणं, कुणाला तरी शिकवणं, सांभाळणं, वाढवणं, आणि ते नाही झालं तर माणूस आतल्या आत साचून राहतो. हे मुलाबाळांपुरतं नाही. स्वतः एरिक्सन १९६२ साली अहमदाबादला आले तेव्हा त्यांना तिथल्या, गांधीजींनी चालवलेल्या १९१८ च्या गिरणी संपाने पछाडलं, संपाच्या वेळी गांधीजी ४८ वर्षांचे होते, आणि मधल्या वयातला माणूस स्वतःचं घर सोडून केवढ्यांची जबाबदारी घेऊ शकतो हे एरिक्सनना त्यात दिसलं, त्यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच १९१८ सालात आपल्या कोकणातल्या देवरुखच्या पार्वतीबाई आठवले, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी, १८७० सालचा जन्म, तरुणपणी विधवा झालेल्या, अक्षरओळखसुद्धा मोठेपणी झालेली, त्या इंग्रजी शिकायला आणि कर्व्यांच्या संस्थेसाठी पैसे उभे करायला एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले. वयाचा हिशोब तुम्हीच करा. त्यांनाही त्या काळात वाफा येत असतील, पाळीचा त्रास असेल, कुणी नोंदवून ठेवलेलं नाही एवढंच.

तुमच्या शाखेत चार पोरंपोरी हाताखाली येतील. त्यातली एखादी तुमच्यासारखीच क्लार्क म्हणून लागलेली असेल. मला वाटतं लेक गेल्यावर घर खायला उठतंय त्यातलं काहीतरी तिथे मार्गी लागेल.

आता शरीराचं, कारण नुसत्या विचारांनी गुडघा थांबत नाही. फक्त सकाळी चालून भागणार नाही, हे मला ठासून सांगायचंय, कारण आपल्या बायका चालतात आणि समजतात झाला व्यायाम. चालणं हृदयाला आणि साखरेला चांगलं, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगते, पण त्याच शिफारशीत पुढे म्हणते की आठवड्यातून दोन दिवस स्नायूंवर जोर पडेल असा व्यायाम, आणि ते पुढचं कुणी वाचत नाही. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा म्हाताऱ्या माणसांकडून आठ आठवडे पायाचे वजनाचे व्यायाम करून घेतले, त्यांच्या पायातली ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. नव्वदीत! तुम्ही अजून सत्तेचाळीसच्या आहात. जिम नसेल तर नसू दे. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि हळू बसायचं, दहादा, थोडं थांबून परत. भिंतीला हात टेकून पुशअप. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वरखाली. जिना. गुडघ्याचा खरा आधार मांडीचा स्नायू असतो, तो घट्ट झाला की गुडघा कमी बोलतो, दुखणं जास्त असेल तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. हाडांनाही असंच ओझं लागतं, औषधाच्या जोडीला.

आणि खाण्यात डाळ-उसळ दोन्ही वेळा, मटकी, हुलगे, शेंगदाणे, ताक, चालत असेल तर अंडी. उपवास कमी करा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा प्रश्न, पण साबुदाण्यात पिठाशिवाय काही नसतं, त्या दिवशी दूध, दही, दाण्याची आमटी, राजगिरा असं काहीतरी घ्या. रात्री उशिरा चहा बंद. झोपायच्या खोलीत हवा येऊ द्या, सुती कपडे, आणि घामाने जाग आली तर मोबाईल उघडायचा नाही, उघडलात की तासभर गेला.

मिस्टरांबद्दल. तुम्ही लिहिलंय त्यावरून माणूस वाईट वाटत नाही, काळजीनेच म्हणत असतील. पण "वय झालं" हे ऐकून ऐकून माणूस तसंच वागायला लागतो, म्हणून त्यांच्याशी एकदा बसून बोलायला हवं, भांडून नाही. पाळीचं त्यांना नीट सांगा, आपल्याकडे नवऱ्यांना यातलं काहीएक माहीत नसतं आणि बायका सांगत नाहीत. डॉक्टरांकडे त्यांना बरोबर न्या. आणि तेही पन्नाशीच्या आसपास असतील, पुरुषांचं बाईसारखं एकदम काही थांबत नाही पण त्यांचेही हार्मोन हळूहळू उतरतात, स्नायू उतरतात, बीपी-साखर चढते, आणि दुकानात दिवसभर बसून असणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा तरी तपासणी करायला हवी, तेव्हा त्याच दिवशी त्यांचंही रक्त द्या. घरातली कामं आता कोण काय करणार याची वाटणी प्रमोशनच्या आधी ठरवा, नंतर नाही. सासूबाईंच्या गोळ्या आणि संध्याकाळचा चहा मिस्टर बघू शकतात. सासूबाई ७६ च्या असल्या तरी भाजी निवडणं, पीठ मळणं त्यांना आवडत असेल तर करू द्या, त्यांनाही हातात काम हवंच आहे.

राहिला संस्थेचा निरोप. महिनाअखेरीला लेखी द्या की मला ही जबाबदारी घ्यायची आहे, पण नवीन सॉफ्टवेअरचं रीतसर ट्रेनिंग आधी हवं, निदान आठवडाभर, आणि पहिले तीन महिने रोजच्या एन्ट्रीसाठी एक अनुभवी क्लार्क त्या शाखेत हवा. शक्य असेल तर मार्च एंड संपल्यावर चार्ज घेते असं सुचवा. बावीस वर्षं काम केलेल्या माणसाने एवढं मागणं गैर नाही, आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही. डॉक्टरांचे रिपोर्ट आले आणि त्यात खरंच काही मोठं निघालं, ऑपरेशन वगैरे, तर तारीख पुढे ढकलून मागा, तेव्हाही नकार देऊ नका.

रिपोर्ट आल्यावर मला परत लिहा, हिमोग्लोबिन किती निघालं तेवढं आवर्जून कळवा.